वीस वर्षं उभी असलेली जीटीओ पुन्हा रस्त्यावर आणताना

जुनी गाडी ट्रेलरवरून उतरून घरी आली की पहिल्याच संध्याकाळी हात शिवशिवतात. बॅटरी लावावी, कार्बोरेटरमध्ये घोटभर पेट्रोल ओतावं, किल्ली फिरवावी आणि व्ही-8चा आवाज ऐकावा. तेवढं मात्र करू नका. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाचं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं त्या एका संध्याकाळी होऊ शकतं. अडकलेला व्हॉल्व्ह जोर लावून ढकलला की त्याला हलवणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, वाकतो, कोरड्या बेअरिंगवर ओरखडे पडतात आणि टाकीतला गंज पार कार्बोरेटरपर्यंत पोहोचतो.

मी मिशिगनमध्ये राहतो. ट्रॉय, नोव्हाय, कँटन या भागात मराठी घरं भरपूर आहेत आणि त्यातले कितीतरी जण मोटार कंपन्यांमध्ये इंजिनिअर आहेत. आठवडाभर नव्या गाड्यांवर काम करणाऱ्या माणसाला शनिवारी जुनी गाडी खुणावते, यात नवल नाही. ओळखीतले बरेच जण विचारतात, ‘घ्यायचं मनात आहे, सुरुवात कुठून करू?’ त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी गाडी 1968ची पाँटियाक जीटीओ, म्हणून उदाहरणं तिचीच आहेत. शेव्हर्ले शेव्हेल, ओल्ड्समोबिल कटलस आणि ब्यूक स्कायलार्क या तिच्या सख्ख्या बहिणी. सांगाडा आणि ब्रेक यांबद्दलचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

थोडा इतिहास सांगतो, कारण कामाचा क्रम त्यातूनच ठरतो. पाँटियाक ही जनरल मोटर्सचीच शाखा. साठीच्या दशकात जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटियाकचा मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1964मध्ये टेंपेस्ट लमाँ या साध्या गाडीला 389 घन इंचांचं, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचं इंजिन ‘ऑप्शन’ म्हणून देऊ केलं आणि नियमाला बगल दिली. ती जीटीओ. 1968मध्ये अंगाखांद्याला गोलाई आलेली नवी बॉडी आली. इंजिन 400 घन इंचांचं, ताकद 350 हॉर्सपॉवर. एवढं इंजिन घरगुती गाडीच्या सांगाड्यात बसवलं, पण चारही चाकांना ब्रेक साडेनऊ इंची ड्रमचेच राहिले. पुढचे डिस्क ब्रेक हवे असतील तर जास्तीचे पैसे मोजावे लागत, आणि पुष्कळांनी ते मोजले नाहीत. पळायला 350 घोडे आणि थांबायला चार छोटे ड्रम, अशी ही गाडी आहे. म्हणून आधी ती थांबली पाहिजे, मग सुरू झाली पाहिजे. पुढचा सगळा क्रम याच एका गोष्टीवर उभा आहे.

पैसे देण्याआधी

टायटलचा, म्हणजे मालकीचा, कागद विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, ते पाहा. त्यावरचा क्रमांक आणि डॅशबोर्डवर डाव्या कोपऱ्यात काचेतून दिसणाऱ्या पट्टीवरचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. 1968च्या जीटीओचा क्रमांक 242ने सुरू होतो. तो 237ने सुरू होत असेल तर समोर लमाँ आहे, मग बॉनेटवर अक्षरं काहीही लावलेली असोत. लमाँसुद्धा उत्तम गाडी आहे, फक्त तिला जीटीओची किंमत देऊ नका. 1964 आणि 1965च्या गाड्यांमध्ये ही सोय नाही. तेव्हा जीटीओ हा नुसता ऑप्शन होता, त्यामुळे क्रमांकावरून काही कळत नाही. अशा वेळी पीएचएस ऑटोमोटिव्ह सर्व्हिसेस या संस्थेकडून कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मागवायची. गाडी कुठल्या रंगात, कुठल्या इंजिन-गिअरबॉक्ससह आणि कोणकोणत्या ऑप्शनसह बाहेर पडली, ते सगळं त्यात असतं. सौदा पक्का करण्याआधी ही प्रत हातात असावी.

मग गंज. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीच्या हाडांपर्यंत जातं. सोबत एक साधं लोहचुंबक ठेवा आणि त्याला पातळ कापड गुंडाळा. मागच्या चाकांवरच्या पत्र्यावर, दारांच्या खालच्या कडेवर ते फिरवा. जिथं चिकटणार नाही तिथं पत्रा नाही, लांबी (पुटी) भरलेली आहे. डिकीतली चटई उचलून तळाचा पत्रा पाहा. मागच्या काचेच्या खालची पन्हळ बघा, व्हिनाइलचं छत असेल तर तिथं पाणी हमखास साचलेलं असतं. पुढच्या पायाखालचा पत्रा बोटानं दाबून बघा.

हा पत्रा नवा मिळतो, कापून वेल्डिंग करता येतो. सांगाड्याची गोष्ट वेगळी. मागच्या चाकांच्या वर सांगाडा कमानीसारखा वळतो, तिथं आत चिखल आणि मीठ साचून तो आतून सडतो. हातोडीनं हळू ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद आवाज आला आणि पापुद्रे गळले, तर नवख्यानं ती गाडी सोडून द्यावी. इंजिन जाम असलेली पण सांगाडा धड असलेली गाडी घेतलेली बरी. इंजिन टेबलावर दुरुस्त होतं, सांगाड्यासाठी सगळी गाडीच उतरवावी लागते.

सगळं एकदम खोलू नका

ही चूक मी इतक्या जणांना करताना पाहिली आहे की जरा सविस्तर सांगतो. उत्साहाच्या भरात माणूस महिनाभरात गाडी शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलतो. डब्यांत नट-बोल्ट, भिंतीला टेकवलेली दारं, पुठ्ठ्याच्या खोक्यांत वायरी. मग ऑफिसचं काम वाढतं, घरी बाळ येतं, हिवाळा लागतो. दोन वर्षांनी कुठला बोल्ट कुठला ते आठवत नाही आणि गाडी खोक्यांसकट विकली जाते. जाहिरातींमध्ये ‘अर्धवट प्रोजेक्ट’ म्हणून दिसणाऱ्या कितीतरी गाड्या या वाटेनं आलेल्या असतात.

पहिल्या वर्षी ध्येय एकच ठेवा: गाडी सुरक्षितपणे थांबेल, चालेल आणि वळेल. रंग, क्रोम, सीटची कव्हरं हे सगळं नंतर. एका वेळी एकच भाग खोला, पूर्ण करा, बसवा, मग पुढच्याला हात लावा. प्रत्येक पायरीला फोटो काढा. बोल्ट झिपच्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर मार्करनं लिहा, ‘डावा पुढचा ड्रम, बाहेरचे’. पाँटियाकचं त्या वर्षाचं छापील सर्व्हिस मॅन्युअल विकत घ्या. पुनर्मुद्रित प्रती सहज मिळतात आणि फिटिंगचा प्रत्येक आकडा त्यात सापडतो.

आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. काँक्रीटच्या सपाट जमिनीवर सांगाड्याखाली चार पक्के स्टँड लावा, गाडी हातानं हलवून बघा, मगच खाली सरका.

उंदरांपासून सुरुवात

बार्नमध्ये, म्हणजे शेतावरच्या कोठारात, उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर असतातच. सीटमधली स्प्रिंग, हीटरची पेटी, एअर फिल्टरचा डबा या त्यांच्या आवडत्या जागा. इथल्या रानटी उंदरांच्या लेंड्यांतून आणि मुतातून हँटाव्हायरस पसरू शकतो, त्यामुळे झाडू किंवा व्हॅक्यूम अजिबात लावू नका, धूळ उडते. दारं उघडी टाकून गाडी हवेशीर होऊ द्या. हातमोजे आणि एन-95 मास्क घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण फवारून घरटं पुरतं भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग कागदानं उचलून पिशवीत बांधा. त्यानंतर वायरींवर कुरतडल्याच्या खुणा शोधा. जिथं आवरण गेलंय तिथं रंगीत टेप लावून ठेवा, पुढं बॅटरी जोडण्याआधी त्या जागा दुरुस्त करायच्या आहेत.

ब्रेक

चाकं काढा. ड्रम निघत नसेल तर जोरात ठोकण्याआधी मागच्या फटीतून आतलं ताऱ्यासारखं दातेरी चाक सैल करा, म्हणजे ड्रमला घासणारे शू आत सरकतील. ड्रम निघाला की आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. त्या काळच्या शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ब्रेक क्लीनर फवारून ओल्यानंच पुसा.

इथं काटकसर करायची नाही. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी होज आणि शू हे सगळं नवं घाला. होज बाहेरून चांगला दिसत असला तरी आतून फुगलेला असतो. पेडल दाबलं की ऑइल पुढं जातं, सोडलं की परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. लोखंडी पाइप तपासा. क्लिपच्या खाली जिथं ओल धरते तिथं तो सडतो. बदलायचाच असेल तर तांबे-निकेलचा पाइप घ्या. तो हातानं वळतो, गंजत नाही, आणि नवख्यालाही त्याला फ्लेअर काढणं (जोडणीसाठी तोंड पसरवणं) जमतं.

1968च्या गाडीला पुढच्या-मागच्या ब्रेकसाठी दोन वेगळे कप्पे असलेला मास्टर सिलिंडर आहे, त्यामुळे एक बाजू फुटली तरी दुसरी काम करते. 1966च्या किंवा त्याआधीच्या गाडीला एकच कप्पा असतो आणि एक होज फुटला की पेडल थेट जमिनीला टेकतं. तुमची गाडी त्या वर्षांतली असेल, तर दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून घ्या. मूळ रूप जपण्याबद्दल मी काटेकोर आहे, पण या एका जागी नाही.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी घ्या: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. ऑइल डॉट 3 वापरा. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून सीलबंद डबा उघडा आणि दर दोन वर्षांनी बदला. पेडल घट्ट लागलं की इंजिन बंदच ठेवून दोघांनी गाडी अंगणात ढकलून बघा आणि थांबवून बघा. या टप्प्यावर मला स्वतःला जे समाधान मिळालं, ते पुढं इंजिन सुरू झालं तेव्हाही मिळालं नाही.

टायर कितीही चांगले दिसोत, ते बदला. बाजूला DOT ही अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे दिसले तर टायर 2000 सालाच्या आधीचा आहे.

पेट्रोल

टाकी खाली उतरवा. जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा उग्र वास येतो. ते कौंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या, गटारात नाही. आत गंज असेल तर टाकी नवीच घ्या. रसायनं ओतून आतून लेप देण्याचे प्रकार असतात, पण पुढं तो लेप सुटून फिल्टर तुंबल्याचं मी पाहिलं आहे. टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे रबरी तुकडे बदला. आजच्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात मऊ होऊन फुटतं, म्हणून इथेनॉल सोसणारा होज मागा. गरम एक्झॉस्टजवळ गळलेला पेट्रोलचा थेंब म्हणजे आग. गॅरेजमध्ये दाराजवळ अग्निशामक टांगलेला असू द्या, मागच्या भिंतीवर नको.

जीटीओवर रॉचेस्टरचा क्वाड्राजेट कार्बोरेटर असतो, चार तोंडांचा. त्याला पुष्कळ लोक नावं ठेवतात, मला तो फार आवडतो. पुढची दोन छोटी तोंडं रोजच्या चालीला, मागची दोन मोठी जोर लागला की उघडणारी. त्याचे दोन दोष ठरलेले. एक, तळाशी असलेल्या विहिरींचे धातूचे बूच झिरपतात आणि गाडी रात्रभर उभी राहिली की पेट्रोल खाली मॅनिफोल्डमध्ये उतरतं. साफ केल्यावर त्यांवर पेट्रोल सोसणारं इपॉक्सी लावा. दोन, आतला फ्लोट हलक्या फेसाळ प्लॅस्टिकचा असतो, तो वर्षानुवर्षांत पेट्रोल पिऊन जड होतो आणि कार्बोरेटर ओसंडतो. फ्लोट नवा घाला. रिबिल्ड किट स्वस्त आहे. फक्त छोट्या गोळ्या आणि स्प्रिंग पडून हरवू नयेत म्हणून पांढऱ्या पंचावर खोला.

इंजिन, सगळ्यात शेवटी

आठही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ, झिरपणारं तेल सोडा. गाडी तशीच आठवडाभर ठेवा आणि अधूनमधून आणखी थोडं टाका. मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या बोल्टला लांब दांडीचा पाना लावून, गाडीच्या समोर उभं राहून, घड्याळाच्या दिशेनं हळू दाब द्या. स्टार्टर अजिबात नको. हाताला अडथळा जाणवतो, स्टार्टरला जाणवत नाही. इंजिन फिरलं की वरची दोन्ही झाकणं काढून व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर बघत पुन्हा दोन फेरे द्या. सोळाही व्हॉल्व्ह वर-खाली झाले पाहिजेत. एखादा खालीच राहिला तर गाईडमध्ये तेल सोडा आणि रबरी हातोडीनं हलकेच टकटक करा.

आता पाँटियाकची खास गोष्ट. टायमिंग चेनच्या वरच्या गिअरचे दात कारखान्यातूनच नायलॉनचे आले होते, आवाज कमी व्हावा म्हणून. जुनं झालं की ते नायलॉन ठिसूळ होतं आणि तुकडे पडून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातात, तिथून पंपाच्या जाळीत. जाळी तुंबली की ऑइलचा दाब गेला आणि इंजिन गेलं. माझ्या गाडीचं चेंबर उतरवलं तेव्हा तळाशी मक्याच्या दाण्यांएवढे पिवळट तुकडे सापडले. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ, ज्यांचं आयुष्य याच इंजिनांच्या जुळणीत गेलं, त्यांनी आधी सांगितलं म्हणून मी बघितलं. नाहीतर पहिल्याच दिवशी इंजिन घालवलं असतं.

तपासायची सोपी पद्धत अशी: डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढा. क्रँक एका दिशेनं फिरवून थांबा, मग उलट फिरवा आणि रोटर कधी हलतो ते बघा. रोटर हलण्याआधी क्रँक जवळपास 10 अंश फिरला, तर चेन ढिली आहे. माझा सल्ला विचाराल तर चेन कशीही लागो, संपूर्ण धातूच्या गिअरचा नवा सेट घाला आणि चेंबर काढून जाळी स्वच्छ करा. चेंबर काढायला इंजिन माउंटवरून थोडं उचलावं लागतं, तेव्हा या कामासाठी एक पूर्ण शनिवार-रविवार धरा. पुढचं कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि पाण्याच्या वाटा त्यातून जातात. तिथं खड्डे पडले असतील तर तेही बदला, नाहीतर पाणी ऑइलमध्ये उतरतं. इंजिनाचं मागचं सील दोरीचं असतं. ते सुकलेलं असणार आणि थोडं गळणार. गळती थेंबांची असेल तर पहिल्या वर्षी तिकडं लक्ष देऊ नका.

ऑइल भरताना साधं आधुनिक ऑइल उचलू नका. या इंजिनाचा कॅम सपाट टॅपेटवर घासत फिरतो आणि त्याला झिंकयुक्त संरक्षण लागतं. नव्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. डब्यावर क्लासिक गाड्यांसाठी असं लिहिलेलं घ्या. मग डिस्ट्रिब्यूटर वर काढा, त्या छिद्रातून प्रायमिंगची (इंजिन सुरू न करता ऑइल पंप फिरवणारी) दांडी पंपापर्यंत सोडा आणि ड्रिलनं फिरवा. पाँटियाकचा डिस्ट्रिब्यूटर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो, म्हणून ड्रिलही उलटं लावायचं. ड्रिल जड लागलं आणि वर रॉकरमधून ऑइल झिरपायला लागलं, की सगळीकडं पोहोचलं असं समजा.

डिस्ट्रिब्यूटर परत बसवा, सीबी पॉइंट नवे घाला. फायरिंगचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2. ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागं 1, 3, 5, 7 आणि दुसऱ्या बाजूला 2, 4, 6, 8. वायरी टोपीवर घड्याळाच्या उलट दिशेनं लावा. शेव्हर्लेचा क्रम तोच आहे, पण त्यांचा रोटर घड्याळाच्या दिशेनं फिरतो. शेव्हर्लेवर हात बसलेली माणसं इथंच चुकतात.

किल्ली

थर्मोस्टॅट, पाण्याचे होज आणि बेल्ट नवे, रेडिएटर धुतलेला. बॅटरी जोडण्याआधी तिच्या एका वायरच्या मधे बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प धरा. सगळं बंद असताना तो झगझगीत पेटला तर कुठंतरी शॉर्ट आहे, तो आधी शोधा.

टाकीत ताजं, 93 ऑक्टेनचं पेट्रोल थोडंसंच भरा. या इंजिनाचं कॉम्प्रेशन पावणेअकराच्या आसपास आहे, साध्या पेट्रोलवर ते ठोकतं. गॅरेजचं दार पूर्ण उघडं, गाडी शक्यतो बाहेर, चाकांखाली अडसर. एक माणूस किल्लीवर, दुसरा बॉनेटपाशी अग्निशामक घेऊन, आणि दोघांची एक खूण ठरलेली. इंजिन सुरू झालं की नजर ऑइलच्या दाबावर. दहा सेकंदांत दाब दिसला नाही तर बंद करा. दाब आला तर चालू द्या, गळती शोधा, पाणी तापू द्या, थर्मोस्टॅट उघडल्यावर वरचा होज गरम झाला का ते बघा. पहिल्या दिवशी वीस मिनिटं पुरेत. थंड झाल्यावर ऑइल बदला. त्यात बराच गाळ निघेल.

रस्त्यावर

नंबरप्लेट आणि विमा आधी करून घ्या. मिशिगनमध्ये 25 वर्षांहून जुन्या गाडीला हिस्टॉरिकल प्लेट मिळते. मेळावे, प्रदर्शनं, परेड यांसाठी ती चालते आणि ऑगस्ट महिनाभर गाडी एरवीसारखी वापरता येते. रोजची गाडी म्हणून चालवायची असेल तर साधी प्लेट घ्या.

पहिली फेरी गल्लीतच, पाच मैलांच्या आत. परत आल्यावर चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात धरा. एकच चाक भाजण्याइतकं तापलं असेल तर ब्रेक धरतोय. 50 मैलांनी चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्यानं आवळा. समोरचा बंपर बघून पुष्कळांना वाटतं की तो घासून रंगवावा. तो एंड्युराचा आहे, लोखंडावर चढवलेलं लवचीक आवरण, 1968मध्ये जीटीओवर पहिल्यांदा आलेलं. त्यावर साधा रंग काही महिन्यांत तडकतो. लवचीक रंग देणारा कारागीर सापडेपर्यंत त्याला हात लावू नका.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वूडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते, फर्नडेलपासून थेट पाँटियाक शहरापर्यंत, जिथं यातल्या कित्येक गाड्या जन्मल्या. 2020चा अपवाद सोडला तर 1995पासून ती दर वर्षी भरत आली आहे. पहिल्या वर्षी रांगेत शिरायची घाई करू नका. तिथं गाड्या तासन्‌तास पायी चालल्यासारख्या सरकतात, आणि नुकत्याच जाग्या झालेल्या इंजिनाला तेवढं तापणं झेपत नाही. जायचंच असेल तर सकाळी लवकर उत्तरेकडच्या टोकाला जा. फॅन क्लच नवा घातलेला असू द्या, डिकीत दोन गॅलन पाणी, एक जादा बेल्ट, सीबी पॉइंटचा सेट आणि पान्यांची पेटी ठेवा. काटा चढायला लागला की एअर कंडिशनर बंद करा, हीटर पूर्ण सोडा, खिडक्या उघडा आणि पुढच्या गल्लीत वळून झाडाखाली उभे राहा.